घराच्या विजेची पत्रिका

आपल्या लोकांना कागद जपून ठेवायची भारी हौस. गावाकडच्या घरी गोदरेजच्या कपाटात एक प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात सातबाराच्या उताऱ्यापासून पंचवीस वर्षांपूर्वीच्या लाइट बिलापर्यंत सगळे सापडते. इंग्लंडात आल्यावर त्या पिशवीची फाइल झाली, सवय मात्र तीच राहिली. घराचे कागद, मॉर्गेजची पत्रे, बॉयलरच्या सर्व्हिसच्या पावत्या, पासपोर्टच्या झेरॉक्स. याच फाइलमध्ये, बहुधा घर घेताना सॉलिसिटरकडून आलेल्या गठ्ठ्यात, पाच-सहा आडव्या पानांचा एक तक्ता असतो. त्याचे नाव इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, नाहीतर इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन कंडिशन रिपोर्ट. तो जपून ठेवलेला असतो, पण वाचलेला कोणीच नसतो.

आज या न वाचलेल्या कागदाबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सांगलीला बी.ई. केले, २००३ साली मँचेस्टरला एम.एस्सी. करायला आलो आणि मग आपल्यापैकी बहुतेकांसारखा इकडेच राहिलो. माझ्या नोकरीचा एक मोठा भाग म्हणजे इमारतींच्या वायरिंगची तपासणी आणि दुसऱ्यांनी भरलेले असले तक्ते वाचणे. मंडळाच्या कार्यक्रमात लोक डॉक्टरांना गाठून गुडघेदुखी सांगतात, तसे मला गाठून "अरे, आमचा शॉवर लावला की सगळं ट्रिप होतं बघ" असे सांगतात. मी विचारतो, "सर्टिफिकेट आहे का?" उत्तर ठरलेले: "असेल कुठेतरी."

या कागदाला मी घराच्या विजेची पत्रिका म्हणतो. लग्नाची पत्रिका पाहताना आपण जसे "गुण किती जुळले?" एवढेच विचारतो, तसेच इथेही होते. पहिल्या पानावर एक चौकोन असतो. कंडिशन रिपोर्ट असेल तर त्यात "समाधानकारक" किंवा "असमाधानकारक" लिहिलेले असते. तेवढे वाचले की आपले काम झाले. खरी पत्रिका मात्र मागच्या पानांवर असते. तिथे घरातल्या प्रत्येक सर्किटची एक ओळ असते, आणि त्या ओळीत वीस-पंचवीस रकाने असतात.

या देशात वायरिंगचे पहिले नियम १८८२ साली निघाले. तेव्हा चिंता होती ती विजेच्या दिव्यांनी आग लागण्याची. त्याच नियमांच्या आवृत्त्या निघत गेल्या, १९९२ मध्ये त्यांना बी.एस. ७६७१ हा ब्रिटिश स्टँडर्डचा क्रमांक मिळाला आणि २०१८ मध्ये अठरावी आवृत्ती आली. या पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात सर्टिफिकेटचे नमुने दिलेले आहेत. इथले इलेक्ट्रिशियन जे तक्ते भरतात ते या नमुन्यांवरूनच घेतलेले असतात.

एखादी ओळ वाचून बघू. समजा ओळ आहे "किचन सॉकेट्स" या सर्किटची. पहिले रकाने माहितीचे: सर्किटचा क्रमांक, नाव, वायर कोणत्या प्रकारची आणि कशी बसवली आहे, किती पॉइंट, वायरची जाडी, अर्थच्या वायरची जाडी, ब्रेकर कोणत्या टाइपचा आणि किती अँपियरचा, आरसीडी किती मिलिअँपियरची. इथल्या घरांत किचनचे सॉकेट बहुतेक वेळा "रिंग" पद्धतीने जोडलेले असतात. म्हणजे वायर फ्यूजबोर्डातून निघते, सगळ्या सॉकेटना भेट देते आणि प्रदक्षिणा पूर्ण करून परत त्याच ब्रेकरला येते. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, त्या काळात ही पद्धत इथे रुजली. १९४७ साली आलेल्या तीन चौकोनी पिनांच्या प्लगची ही जोडीदारीण. आपल्याकडे तिकडे ही पद्धत नाही, म्हणून भारतातून आलेल्या इंजिनिअरलाही ती सुरुवातीला नवी वाटते.

पुढचे रकाने मोजमापाचे. रिंगची फेजची वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायची, मग न्यूट्रल, मग अर्थ. साठ मीटरची रिंग असेल, फेज आणि न्यूट्रल अडीच स्क्वेअर एमएमचे आणि अर्थ दीड स्क्वेअर एमएमची असेल, तर फेजला साधारण ०.४४ ओम, न्यूट्रललाही ०.४४ आणि अर्थला ०.७३ ओम यायला हवेत. अर्थची वायर बारीक, म्हणून तिचा रोध जास्त. नंतर इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला "मेगर करणे" म्हणतात ते. ५०० व्होल्टवर ते किमान १ मेगओम हवे, आणि चांगल्या वायरिंगला ते शेकड्यांत येते. मग फेज-न्यूट्रलची उलटापालट नाही ना हे बघायचे. मग येतो झेड-एस, म्हणजे फेजची वायर अर्थला चिकटली तर विजेला जो पूर्ण फेरा घालावा लागेल त्याचा एकूण रोध. आणि शेवटी आरसीडी किती मिलिसेकंदांत पडली ते.

हा झेड-एस कशाला, असे कोणी विचारले तर मी गणित करून दाखवतो. बाहेरून येणाऱ्या सप्लायचा फेरा ०.२० ओम आणि आपल्या रिंगचा ०.२९, एकूण ०.४९. किटलीच्या आत वायर सुटून तिच्या धातूच्या अंगाला लागली, तर २३० भागिले ०.४९ म्हणजे जवळजवळ ४७० अँपियर वाहतील. बी टाइपचा ३२ अँपियरचा ब्रेकर १६० अँपियरला क्षणात पडतो. म्हणजे किटलीला हात लावून तुम्ही "अगं बाई" म्हणण्याच्या आत वीज गेलेली असेल. हाच आकडा चार-पाच ओम असता, तर ब्रेकर कितीतरी वेळ शांत बसला असता आणि सगळा भरवसा एकट्या आरसीडीवर राहिला असता. पुस्तकाने या ब्रेकरला कमाल १.३७ ओमची मर्यादा घातली आहे. वायर थंड असताना मोजतो म्हणून आम्ही १.१० च्या आत बघतो. तर हा "०.४९" एवढासा आकडा म्हणजे घरातल्या माणसाच्या जिवाची किंमत चुकती केल्याची पावतीच आहे.

पण आज सगळे ठीक आहे एवढे सांगायला "ठीक" हा शब्द पुरला असता. आकडे लिहायचे ते उद्यासाठी. रिंग कुठेतरी तुटली, समजा किचन नवे करताना कपाटामागे एक टोक सुटे राहिले, तर घरातल्या कोणालाही काही कळत नाही. सगळे सॉकेट चालू असतात, कारण वीज दुसऱ्या बाजूने येतच असते. पण जो भार दोन वाटांनी जायचा तो आता एकाच वाटेवर येतो. अडीचची ती वायर कशी बसवली आहे त्यावर तिची ताकद २० ते २७ अँपियर, आणि तिच्या पहाऱ्याला ३२ चा ब्रेकर! वॉशिंग मशीन, डिशवॉशर, ओव्हन आणि किटली एकदम लागली की भिंतीच्या आत वायर तापत राहते आणि ब्रेकर मुकाट बसून राहतो. हा रोग बाहेरून दिसत नाही, तो फक्त त्या तीन रकान्यांत दिसतो. पाच वर्षांपूर्वी ०.४४ होते आणि आज मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे मधल्या काळात कोणीतरी काहीतरी केले. मागचा आकडा लिहिलेलाच नसेल तर तुलना कशाशी करणार?

आमच्या मिरजेच्या वाड्यात असे कागद नव्हते, वायरमनकाका होते. लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी, पांढरे चिनीमातीचे फ्यूज, आणि कोणती वायर कुठे जाते हे सगळे काकांच्या डोक्यात. नव्या मीटरसाठी परवानेवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागायचा, त्यावर सही-शिक्का असायचा, पण तो वीज मंडळाच्या कचेरीत जायचा. घरात काकाच हयात कागदपत्र. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि वाड्याची स्मरणशक्तीच गेली. पुढे न्हाणीघरातला दिवा दुरुस्त करायला नवा वायरमन आला. तो एकेक फ्यूज काढून ओरडायचा, "गेला का?" आणि आम्ही पोरे आतून ओरडायचो, "नाही गेला!" शेवटी सगळे फ्यूज काढून, मेन स्विच पाडून तो स्टुलावर चढला, होल्डरला हात लावला आणि स्टुलासकट खाली आला. न्हाणीघराची वायर कोणे एके काळी शेजारच्या भाडेकरूच्या मीटरवरून ओढलेली होती! काकांना ते माहीत होते, नव्या माणसाला सांगणार कोण? बिचारा मनगट मुरगळण्यावर सुटला. माणूस कितीही जाणता असला तरी त्याची बदली होते, तो म्हातारा होतो, जातो. वायरी मात्र भिंतीत तशाच राहतात.

आता दुसरी बाजू. कागद आहे पण खोटा आहे, याचे काय?

माझा एक मित्र आहे, नाव घेत नाही. चांगला माणूस, गणपतीत वर्गणी सगळ्यात आधी देणारा. त्याने पश्चिम लंडनमध्ये एक छोटे घर घेऊन भाड्याने दिले. भाडेकरू कोण, तर पुण्याहून मास्टर्स करायला आलेले चार विद्यार्थी, म्हणजे आपलीच पोरे. इंग्लंडात २०२० च्या नियमांनुसार खासगी घरमालकाला निदान दर पाच वर्षांनी योग्य माणसाकडून वीजतपासणी करून घ्यावी लागते, आणि रिपोर्टची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. नव्या भाडेकरारांना हे १ जुलै २०२० पासून लागू झाले, जुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून. मित्राने स्वस्तात स्वस्त माणूस बोलावला, तासाभरात काम झाले, "समाधानकारक" रिपोर्ट ई-मेलने आला. पुढे कधीतरी, दुसऱ्याच कशासाठी त्याने तो मला दाखवला.

मी मागची पाने उलटली. किचनची रिंग: फेज ०.४५, न्यूट्रल ०.४५, अर्थ ०.४५. शेजारच्याच रकान्यात वायर लिहिली होती अडीच आणि दीडची. बारीक वायरचा रोध जाड वायरइतकाच कसा? पुढे झेड-एस: सॉकेटना ०.३८, दिव्यांना ०.३८, शॉवरला ०.३८. शॉवरची वायर दहा स्क्वेअर एमएमची, दिव्यांची एकची. मीटरमागे एकीचा रोध दुसरीच्या दसपट, आणि घराच्या दोन टोकांना उत्तर मात्र हुबेहूब एकच! परीक्षेत चार मुलांच्या पेपरात एकच चुकीचे उत्तर दिसले की मास्तरांना जे कळते, ते मला कळले. हे मोजलेले नव्हते, खुर्चीत बसून भरलेले होते.

मी मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण कागद तर आहे ना? कौन्सिलने विचारलं तर दाखवायला?"

मी म्हटले, "कौन्सिलला दाखवशील रे. वायरला काय दाखवणार?"

तो रागावला. पाचेक दिवस फोन नव्हता. आपल्या समाजात हे अवघडच असते. मित्राला "तुझा कागद खोटा आहे" असे सांगणे म्हणजे "तू खोटा आहेस" असे सांगितल्यासारखे वाटते. खरे तर फसवला गेला होता तो. आठवड्याने त्याचाच फोन आला. म्हणाला, "त्यातल्या एका पोराच्या आईचा फोन होता, मुलगा नीट राहतोय ना विचारायला. मी हो म्हटलं, आणि मग झोप लागेना." नोंदणीकृत संस्थेकडचा दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला. तो सबंध दिवस होता. किचनची रिंग तुटलेली निघाली. आधीच्या मालकाने ओटा हलवताना फ्रिजमागचे एक टोक टेपने गुंडाळून तसेच ठेवले होते. रिपोर्टात सी-टू कोड पडला. सी-वन म्हणजे धोका समोर उभा आहे, सी-टू म्हणजे धोका होऊ शकतो, सी-थ्री म्हणजे सुधारणा करावी हे बरे. सी-वन, सी-टू किंवा "आणखी तपास हवा" असा शेरा असला की रिपोर्ट असमाधानकारक ठरतो, आणि भाड्याच्या घरात अशी दुरुस्ती २८ दिवसांत, किंवा रिपोर्टने त्याहून कमी मुदत दिली असेल तर त्या मुदतीत करावी लागते. इथे ती दोन तासांत झाली. खर्च झाला तो सत्य शोधायचा, दुरुस्तीचा नव्हे.

आता खऱ्या कागदाचीही गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल इलेक्ट्रिशियन सगळे असेच. आम्ही आमचे आत्ताचे घर घेतले तेव्हा फाइलमध्ये एक जुना रिपोर्ट होता, हाताने भरलेला, वळणदार अक्षरात. तीन रकान्यांत आकड्याऐवजी "मर्यादा" असा शेरा होता आणि कारणे खाली दिलेली: माळ्यावर सामान असल्याने तिथले जोड पाहता आले नाहीत, वगैरे. मला त्या माणसाचा तेव्हाच भरवसा वाटला. जे मोजता आले नाही ते "मोजता आले नाही" असे लिहायला धैर्य लागते, कारण गिऱ्हाईक पैसे देताना रिकामे रकाने मोजते. आणि दिव्यांच्या ओळीजवळ टीप होती: जिन्यावरच्या दिव्याचा फेज खालच्या सर्किटवरून, न्यूट्रल वरच्या सर्किटवरून, काम करताना दोन्ही बंद करावीत.

इथल्या जुन्या घरांत हा प्रकार बराच आढळतो. जिन्यावरचा दिवा खालून-वरून दोन्हीकडून लागावा म्हणून कोणीतरी वायर वाचवलेली असते. याला इथे "उसना न्यूट्रल" म्हणतात. वरचे सर्किट बंद करून कोणी तो न्यूट्रल सोडला, तर खालच्या सर्किटची वीज दिव्यातून येऊन त्या सुट्या टोकावर उभी राहते. ज्याला आपण मेलेली वायर समजतो तीच जिवंत. मिरजेच्या न्हाणीघराचीच गत, फक्त इथे कोणीतरी लिहून ठेवले होते. आम्ही नवा बोर्ड बसवला तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियनने ती टीप वाचली, दोन्ही सर्किटे बंद केली, न्यूट्रल ज्याचा त्याला परत दिला आणि मगच पुढे गेला. ती टीप लिहिणाऱ्याला मी कधी पाहिले नाही. त्याने ती माझ्यासाठी लिहिली नव्हती, जो कोणी पुढे येईल त्याच्यासाठी लिहिली होती.

तेव्हा मंडळी, या शनिवार-रविवारी फाइल काढाच. फ्यूजबोर्डाचे झाकण स्क्रू काढून उघडायचे नाही, ते इलेक्ट्रिशियनचे काम. आपल्याला फक्त डोळे वापरायचे आहेत.

बोर्डावर जितके ब्रेकर आहेत तितक्या ओळी तक्त्यात आहेत का? नावे जुळतात का? बोर्डावर "स्पेअर" लिहिले आहे आणि तो ब्रेकर चालू आहे, असे तर नाही? "सॉकेट्स" एवढेच लिहिले आहे की कुठले सॉकेट तेही आहे? मोजमापाचे आकडे वेगवेगळे आहेत की एकच आकडा वरून खालपर्यंत? इन्सुलेशनच्या रकान्यात "२०० पेक्षा जास्त" असे सगळीकडे दिसले तर घाबरू नका, पुष्कळ मीटर त्यापुढे मोजतच नाहीत. पण झेड-एस सगळ्यांचा सारखा असेल तर प्रश्न विचारा. तपासता न आलेल्या गोष्टींची नोंद आहे का? आणि पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली आहे का?

नवे काम करून घेतले की नवे सर्टिफिकेट मागून घ्या. सबंध नवे सर्किट किंवा नवा बोर्ड असेल तर इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, एखादा सॉकेट वाढवला असेल तर मायनर वर्क्सचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून घरातल्या ठरावीक कामांची नोंद बिल्डिंग कंट्रोलकडेही व्हावी लागते, आणि एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या योजनेतला इलेक्ट्रिशियन ती स्वतःच करतो. नवे आले म्हणून जुने फेकू नका. दोन्ही एकत्र ठेवा, आणि पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियन दारात आला की चहाच्या आधी ती फाइल त्याच्या हातात द्या. तीनशे पौंड स्वस्त कोण, हे विचारण्याआधी "किती वेळ लागेल?" हे विचारा. डझनभर सर्किटांचे घर कोणी तासाभरात तपासत नाही.

आणि ज्यांनी घर भाड्याने दिले आहे, त्यांना एवढेच सांगतो. त्या घरात राहणारे बहुतेक वेळा आपल्यासारखेच कोणीतरी असतात, दोन सूटकेसा घेऊन नुकते उतरलेले. त्यांना रिंग म्हणजे काय ते माहीत नसते, रिपोर्टची प्रत मागायचा हक्क आहे हेही माहीत नसते. त्यांनी मागितली नाही तरी द्या, आणि देण्याआधी मागची पाने स्वतः वाचा. माझ्या मित्राने आता तेच सुरू केले आहे. परवा त्याने एका रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "अर्थचा आकडा फेजपेक्षा जास्त आहे. बरोबर ना?"

बरोबर आहे, म्हटले.